३३ मार्कांची बीअर आणि पुठ्ठ्याचा वास

तळमजल्यावरच्या आजोबांकडे बीअर चाखायला शिकायला गेलो तर दारातच त्यांनी मला थांबवलं, जरा पुढे वाकून माझ्या खांद्यापाशी हुंगलं आणि म्हणाले, स्वेटर काढून ये. सकाळी घरी कांदा-लसूण मसाल्याचं भाजणं काढलं होतं हे मी विसरूनच गेलो होतो, आपल्याला त्या वासाची सवय असते त्यामुळे कळतच नाही, पण त्यांच्या हिशोबाने मी चालतीबोलती फोडणी होतो. परत जिना चढून घरी गेलो, साधा टीशर्ट घातला, हात बिनवासाच्या साबणाने धुतले (हीसुद्धा त्यांचीच अट) आणि खाली आलो. दुपारी अकरा ते एक अशी वेळ त्यांनी मुद्दाम ठेवली होती कारण जेवणाआधी नाक-जीभ ताजी असते, आणि कॉफी सकाळी आठनंतर घ्यायची नाही असं आदल्या दिवशीच बजावलेलं. एवढी शिस्त मी बारावीच्या पेपरला पण पाळली नव्हती.

आम्ही राहतो बेल्जियममधल्या मेखेलेनला, म्हणजे ब्रसेल्स आणि अँटवर्पच्या बरोब्बर मधे. नोकरी आयटीतली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आजोबा तळमजल्यावर राहतात, घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडावर अर्थात मेनीर, म्हणजे इथल्या भाषेत साहेब. आयुष्यभर माल्टच्या (मोड आणून वाळवलेलं धान्य, ज्याची बीअर बनते) लॅबमध्ये काम केलेला माणूस, रिटायर झाल्यावर घरगुती बीअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जातात. तर झालं असं की त्यांनी मला वर्षभरात कायकाय पाजलं आणि मी प्रत्येक वेळी "मस्त आहे" एवढंच म्हणत राहिलो. शेवटी एक दिवस ते वैतागले. म्हणाले, मस्त हे काय उत्तर झालं? वास कसला येतोय, कुठून येतोय, किती वेळ टिकतोय ते सांग. नसेल सांगता येत तर रविवारी ये, शिकवतो. येताना तुझी ती आवडती बीअर घेऊन ये, घरात असतील तेवढ्या सगळ्या बाटल्या आण.

माझी आवडती म्हणजे डुव्हेल ट्रिपल हॉप सिट्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधी डुव्हेल ही बेल्जियन स्ट्राँग गोल्डन एल या प्रकाराची आद्य बीअर म्हणायला हरकत नाही, आमच्या घरापासून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांवर ब्रेनडोंक नावाचं गाव आहे तिथे मोर्टगाट घराण्याने १८७१ मध्ये काढलेल्या ब्रुअरीत ती बनते. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिचं नाव व्हिक्टरी एल होतं, मग १९२३ मध्ये कुणा चांभाराने ती पिऊन "हा तर खरा सैतान आहे" असं म्हटलं म्हणे आणि इथल्या बोलीत सैतानाला डुव्हेल म्हणतात, तेच नाव पडलं. यीस्ट त्यांनी स्कॉटलंडहून आणलेलं. रंग फिकट सोनेरी, म्हणजे बघून वाटतं साधी किंगफिशर असेल, आणि अल्कोहोल साडेआठ टक्के. सैतान उगीच नाही म्हणत.

ट्रिपल हॉप हे तिचंच खोडकर भावंड. साध्या डुव्हेलमध्ये दोन हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) असतात, चेक देशातला साझ आणि स्लोव्हेनियातला स्टिरियन गोल्डिंग, दोन्ही सभ्य, गवत-फुलं-मसाला असल्या वासाचे. ट्रिपल हॉपमध्ये तिसरा येतो. पहिल्यांदा २००७ मध्ये काढली, मग २०१० मध्ये, आणि २०१२ पासून दरवर्षी तिसरा हॉप बदलायला लागले: २०१२ ला अमेरिकेतला सिट्रा, २०१३ ला जपानी सोराची एस, २०१४ ला मोझेइक, २०१५ ला इक्विनॉक्स, २०१६ ला तर नुसता नंबर, एचबीसी २९१. शेवटी लोकांनी सिट्रालाच पसंती दिली आणि तो कायम झाला. अल्कोहोल साडेनऊ टक्के. तर माझ्याकडे घरात होत्या तीन बाटल्या, एक फ्रिजमध्ये आणि दोन स्वयंपाकघरातल्या कपाटावर. तिन्ही पिशवीत घालून नेल्या. वाटेत फार हलवू नको म्हणून त्यांनी आधीच सांगितलेलं, कारण तळाशी यीस्ट असतं.

टेबलावर काय होतं तर पाण्याचा जग, बिनमिठाची बिस्किटं, दोन पेन्सिली आणि छापील फॉर्म. फॉर्म अमेरिकेतल्या बीजेसीपी नावाच्या संस्थेचा, घरगुती बीअरच्या बऱ्याच स्पर्धांमध्ये हाच चालतो. एकूण ५० मार्क. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, आणि एकंदर कशी वाटली त्याला १०. मी म्हटलं दिसण्याला तीनच? तर म्हणाले, लग्न करायचंय का तिच्याशी?

त्याआधी ग्लास. हा भाग मला वाटलं दोन मिनिटांत उरकेल पण अर्धा तास गेला. डुव्हेलचा ग्लास ट्युलिपसारखा असतो, पोट मोठं आणि गळा आत वळलेला, म्हणजे वास अडकून राहतो, आणि तळाला आतून एक डी कोरलेला असतो, त्या खरबरीत रेषांवरून बुडबुड्यांची माळ सतत वर येत राहते. ३३ सेंटीलीटरची अख्खी बाटली फेसासकट मावते एवढा मोठा. मी घरून माझे दोन ग्लास आणलेले, घासून-पुसून लख्ख. त्यांनी एक नुसता पाण्यात बुडवून उलटा धरला आणि उजेडात दाखवला. पाणी काचेवरून एकसंध पडद्यासारखं उतरायला पाहिजे, माझ्या ग्लासवर ते ठिकठिकाणी फाटून थेंब थेंब झालं होतं, म्हणजे तेलाचा अंश. आमच्याकडे एकाच स्पंजने कढई आणि ग्लास. त्या ग्लासात बीअर ओतली असती तर बुडबुडे कडेला चिकटून बसले असते, फेस बसला असता आणि मी बिचाऱ्या बीअरचे मार्क कापले असते. मीठ लावून घासले, गरम पाणी, मग गार पाणी, आणि पुसायचं नाही, उलटे ठेवून निथळायचे.

मग आधी साधी डुव्हेल, ओळख करून द्यायला. मी आपल्या सवयीने बाटली उलटी केली आणि फेस ग्लासातून उतू जाऊन त्यांच्या टेबलक्लॉथवर. ही बीअर बाटलीत दुसऱ्यांदा आंबते त्यामुळे गॅस प्रचंड असतो, ग्लास तिरका धरून बारीक धारेने, आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवायचा कारण तो गाळ. ते काही बोलले नाहीत, नुसता टॉवेल पुढे केला.

हुंगायची पण पद्धत असते. ओतल्या ओतल्या लगेच नाक लावायचं, कारण उडून जाणारे वास पहिल्या मिनिटात जातात. आधी ग्लास नाकाखालून नुसता सरकवायचा, मग दोन छोटे श्वास, मग एक लांब, मग हाताचं झाकण ठेवून ग्लास गोल फिरवायचा आणि परत. प्रत्येक वेळी मधे स्वतःच्याच मनगटाचा वास घ्यायचा, नाक कोरं होतं म्हणे. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, सरळ कागदावर लिहायचं, कारण शेजारचा "लवंग" म्हणाला की तुम्हालाही लवंगच येते. साध्या डुव्हेलमध्ये मला आला नाशपतीचा वास, किंचित मिरी, किंचित लवंग. हे सगळं यीस्टचं काम आहे हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं मसाला घालतात. बेल्जियन यीस्ट आंबवताना फळांच्या वासाची एस्टर्स बनवतं आणि मसाल्याच्या वासाची फिनॉल्स, त्यातलं एक फिनॉल तर लवंगेच्या इतकं जवळचं की त्याचा वास आला की परीक्षक सरळ लवंगच लिहितात.

आता खरी परीक्षा. आजोबा माझ्या बाटल्या घेऊन आत गेले आणि दोन ग्लास घेऊन आले, प्रत्येकात साधारण ७०-८० मिली, एकाच्या तळाला खडूने १, दुसऱ्याला २. म्हणाले दोन्ही एकाच प्रकारातल्या आहेत, वेगवेगळे फॉर्म भर, वेळ वीस मिनिटं. मला वाटलं एक माझी आणि एक दुसऱ्या कुठल्या ब्रुअरीची असणार.

एक नंबर नाकाशी नेला आणि काय सांगू. पपनस सोलताना साल फाटते आणि तो फवारा उडतो ना, तो. त्याच्या मागे पिकलेला पेरू, मग लिची, आणि या सगळ्याच्या खाली एक असा वास जो मला पक्का माहीत होता पण नाव सापडेना. दोन मिनिटं नुसता हुंगत बसलो. मग डोक्यात आलं, रोशा तेल! माझं आजोळ नंदुरबारकडचं, तिथे रोशा गवताचं तेल काढायचे, आजी गुडघ्याला चोळायची, गुलाबासारखा पण हिरवा वास. कागदावर मी देवनागरीत "रोशा तेल" लिहिलं. नंतर आजोबांना समजावून सांगितलं तर ते उडालेच, कारण रोशा तेलातलं मुख्य द्रव्य जिरॅनिऑल, आणि सिट्रा हॉपच्या तेलातही तेच असतं. म्हणाले फॉर्मवर लोक फ्लोरल एवढंच लिहितात, तू तर रेणूपर्यंत गेलास. मी काय रेणूपर्यंत गेलो नव्हतो, आजीच्या गुडघ्यापर्यंत गेलो होतो.

रंग फिकट सोनेरी, किंचित धुरकट, फेस पांढराशुभ्र आणि डोंगरासारखा उंचसखल, खाली उतरताना काचेवर जाळी सोडून जाणारा. इथे या जाळीला लेस म्हणतात. तीनपैकी तीन. मग घोट. वाईनसारखं थुंकायचं नाही, बीअर गिळावीच लागते कारण मागे उरणारा कडवटपणा गिळल्यानंतर नीट कळतो. आधी मधासारखा माल्ट, लगेच मोसंबी-पेरू, मधे मिरी, आणि शेवटी कडवटपणा, पण स्वच्छ, कारल्यासारखा मागे रेंगाळणारा नाही, मोसंबीची पांढरी साल चावल्यावर जेवढा असतो तेवढा. गॅस जिभेवर चरचरतो, बीअरचं अंग मात्र हलकं, इतक्या अल्कोहोलला अंगात जडपणा पाहिजे होता तो नाही कारण यीस्टने साखर जवळजवळ सगळी संपवलेली असते. छातीत जरा ऊब. वास १०, दिसणं ३, चव १६, तोंडात ४, एकंदर ८. बेरीज ४१.

दोन नंबर. रंग बघायला गेलं तर तोच, किंवा एक छटा गडद, फेस छान. वास मात्र शांत. मध, मुरांबा, सुकवलेली जर्दाळू. मी लिहिलं: "परिपक्व, शेरी वाईनची आठवण, संयत हॉप." संयत हा शब्द लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं हे कबूल करतो. चवीत गोडवा जास्त, कडवटपणा जरा खरखरीत आणि जाता जात नाही, अल्कोहोल घशाला लागतं. तरी मला वाटलं ही कुठलीतरी भारी, मुरवलेली बीअर असणार, बेल्जियममध्ये लोक तळघरात बाटल्या वर्षानुवर्षं ठेवतात, आपण कमी मार्क दिले तर आपलंच अज्ञान दिसेल. म्हणून वास ७, दिसणं ३, चव १३, तोंडात ४, एकंदर ६. तेहतीस. फॉर्मप्रमाणे ३० ते ३७ म्हणजे व्हेरी गुड.

एवढ्यात बायको आली. घराची किल्ली माझ्या खिशात राहिली होती. ती पीत नाही, एक थेंब नाही, पण नाक म्हणाल तर दूध नासायच्या आदल्या दिवशी सांगते. आजोबांनी तिला गंमत म्हणून एक नंबर हुंगायला दिला. "पपनस," ती लगेच. मग दोन नंबर. तिने नाक मुरडलं आणि मला मराठीत म्हणाली, "अरे हे काय, जुना पुठ्ठा भिजल्यासारखं येतंय. आपल्या माळ्यावरच्या वह्यांचं खोकं नव्हतं का पावसात भिजलेलं, तस्सं."

मी परत ग्लास उचलला. आणि आला की! मुरांब्याच्या मागे, ग्लास गोल फिरवला की एकदम, पावसाळ्यातलं खोकं. दहा मिनिटं मी त्याच ग्लासात नाक घालून बसलो होतो आणि शेरी-शेरी करत होतो. मी आजोबांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी काही न बोलता आपला फॉर्म माझ्याकडे सरकवला. त्यांच्या फॉर्मवर ऑक्सिडेशनच्या (म्हणजे ऑक्सिजनमुळे बीअर शिळी होण्याच्या) चौकोनात टिक होती, पुढे "ओला पुठ्ठा". एक नंबरला ३८, दोन नंबरला २७. आमच्या दोघांच्या मार्कांत फरक तीन आणि सहा. दोन परीक्षकांच्या मार्कांत सातापेक्षा जास्त फरक नको असा संकेत आहे त्यामुळे मी काठावर पास.

मग ते आतून दोन्ही रिकाम्या बाटल्या घेऊन आले आणि शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डुव्हेल ट्रिपल हॉप सिट्रा. दोन्ही माझ्याच. एक फ्रिजमधली, महिन्यापूर्वी घेतलेली. दुसरी कपाटावरची, कधी घेतली ते आठवून आठवून मागच्या वर्षीच्या ईस्टरच्या आसपास निघालं. आणि ते कपाट बरोब्बर ओव्हनच्या वर आहे, बायको रविवारी नानकटाई करते तेव्हा वरचं लाकूड हाताला गरम लागतं. म्हणजे तिथे बीअर मुरली नव्हती, हळूहळू शिजत होती. मी तारखेकडे बोट दाखवलं, अजून मुदत शिल्लक होती. आजोबा म्हणाले, ती तारीख थंड, अंधाऱ्या जागी ठेवणाऱ्यांसाठी, ओव्हनवर ठेवणाऱ्यांसाठी नाही.

नंतर त्यांनी जे समजावलं ते मला सगळ्यात आवडलं. या बीअरमध्ये दोन स्वभावाची माणसं एकाच घरात राहतात. यीस्टवाली बाजू म्हणते थांबा, मला मुरू द्या, बाटलीतलं जिवंत यीस्ट थोडाफार ऑक्सिजन खातं पण, म्हणूनच कडक बेल्जियन बीअरी वर्षानुवर्षं ठेवता येतात. हॉपवाली बाजू म्हणते मला आत्ताच्या आत्ता प्या. सिट्राचं ते पपनस-पेरू काही महिन्यांत विरायला लागतं, उष्णतेत आणखी लवकर. हॉप गेला की उरतो गोडवा, उघडा पडलेला अल्कोहोल, आणि पुठ्ठ्याच्या वासाचं नोनेनल नावाचं द्रव्य, जे इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतं की विचारू नका. निदान बाटली तपकिरी होती, नाहीतर वर उजेडाने हॉपच्या कडू द्रव्यांची मोडतोड होऊन स्कंक नावाच्या प्राण्याचा वास आला असता, तो मात्र मी ओळखतो, हिरव्या बाटलीतली बीअर गच्चीत उन्हात ठेवून एकदा प्यायलोय.

मग प्रश्न आला की या बीअरला मार्क द्यायचे तरी कुठल्या प्रकारात. गोल्डन स्ट्राँगच्या नियमात कडवटपणा २२ ते ३५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) पाहिजे आणि हॉपचा वास साधारण फुलं-मसाला छापाचा, अमेरिकन पेरू-पपनस तिथे शोभत नाही. बेल्जियन आयपीएमध्ये (भरपूर हॉपवाला कडू प्रकार) टाकायची तर तिथे ५० ते १०० आयबीयू, तेवढी कडू ही नक्कीच नाही. आजोबांनी तीन मार्क याचसाठी कापले होते, प्रकारात नीट बसत नाही म्हणून. मला ते काही पटलं नाही. चांगली लागतेय तर लागतेय, रकाना चुकीचा असेल तर रकाना बदला की. यावर अर्धा तास वाद झाला, ते म्हणाले स्पर्धेत आवड नाही, नियम मोजायचा असतो, मी म्हटलं मग माणूस कशाला बोलावता. बायको मधेच म्हणाली, एकदा तापमान तरी बघा, ग्लास किती वेळ झाला बाहेर आहे. बरोबर होतं तिचं. एक नंबरचा उरलेला घोट आता गार राहिला नव्हता, १४-१५ अंशांवर आला असावा, आणि पपनस मागे जाऊन लवंग आणि अल्कोहोल पुढे आलं होतं. तोच ग्लास, चाळीस मिनिटांनी, मी ४१ नसते दिले. ३९ फार तर. आजोबांनी विजयी मुद्रेने दाढी खाजवली.

दोन नंबरचे मार्क मी खोडून २६ केले. त्यांच्यापेक्षा एक कमी, रागाने.

तिसरी बाटली उरली होती, ओव्हनवरचीच, पुठ्ठेवाली. फेकायला जीव होईना. संध्याकाळी बायकोने ती कांदाभज्यांच्या पिठात घातली, अर्धीच लागली, पण भजी अशी फुलली आणि कुरकुरीत झाली की सोडा घालायची गरज पडली नाही. एक ताट खाली आजोबांना नेऊन दिलं. तासाभराने ताट परत आलं, धुतलेलं, आणि त्यावर घडी केलेला बीजेसीपीचा फॉर्म. वास ११, दिसणं २, चव १९, तोंडात ५, एकंदर १०. बेरीज ४७. शेऱ्यात लिहिलं होतं, ऑक्सिडेशन आढळले नाही, ओवा जास्त.

आता सिट्राच्या बाटल्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात असतात, प्रत्येकीवर मार्करने घेतल्याची तारीख. शेजारी कोथिंबीर असते, आणि जागेवरून भांडण झालं तर कोथिंबिरीचा हक्क पहिला असं ठरलंय.